फक्त छाती आणि पोट

११ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. समोरच्याने हॅलो म्हणायच्या आत मला रडू येतं आणि मग तोही गप्प, मीही गप्प. कागदावर निदान डोळे पुसत पुसत पुढे जाता येतं. आणि तू होस्टेलवर होतास तेव्हापासून तुला लांबलचक पत्रं लिहायची मला सवयच आहे. मास्तर सख्खा भाऊ आणि तू मावसभाऊ असलास तरी त्याच्या आणि तुझ्या पत्रात मी कधी दुजाभाव केला नाही.

मास्तर गेला. लिहून बघितलं. लिहूनही खरं वाटत नाही.

तुला यायला दोन दिवस लागले असते, तेवढं थांबणं शक्य नव्हतं. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या सकाळी तू फोनवर होतास हे पुष्कळ झालं. तेव्हा सगळं तुटक तुटक सांगितलं, आता नीट सांगते.

न्यूमोनिया उतरला होता. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. स्वारी एकदम खुशीत होती. डॉक्टरांना म्हणाला, वीस वर्षं शिकाऊ लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून जिवंत राहिलोय, खोकल्याने काय मरणार. अख्खा वॉर्ड हसला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तर त्याने तिथेच, उशी स्टिअरिंगसारखी धरायला लावून, गाडी वळवायला शिकवली.

फक्त पोटरी दुखत होती त्याची. उजवी. दोन दिवस म्हणत होता. मी नर्सला सांगितलं, तिने दाबून बघितली आणि म्हणाली, पडून पडून होतं असं. हे लक्षात ठेव टिल्लू, कारण सगळं इथेच आहे. आदल्या दिवशी जरा डोकंही धरून बसला होता, पण त्याची लेक सकाळपासून खाटेवर बसून बडबडत होती. मी म्हटलं, या रेडिओला घरी पाठव, आपोआप थांबेल. तिलाही हसू आलं.

सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन पोचले तर हा बाथरूमकडे निघालेला. मला बघून हात वर केला. मग दाराची चौकट धरली आणि खाली गेला. त्यांनी पडदा ओढला, माणसं धावली, काय काय केलं. मी थर्मास धरून उभी. खूप वेळाने तो तरुण डॉक्टर बाहेर आला आणि त्याचा चेहरा बघूनच मला कळलं.

मग आम्हाला एका बारक्या खोलीत बसवलं. वजनाचा काटा, खोकी, दोन खुर्च्या. आई खुर्चीवर, वहिनी खुर्चीवर, मी काट्याला टेकून. डॉक्टर म्हणाला, ते नेमके कशाने गेले हे आम्हाला खात्रीने सांगता येत नाही. रक्ताची गुठळी असेल, हृदय असेल. तुमची परवानगी असेल तर पोस्टमॉर्टेम करून बघू. मला वाटायचं, पोस्टमॉर्टेम म्हणजे पोलिस आणि खून. तो म्हणाला, पोलिसांचं वेगळं असतं, तिथे कुणी विचारत नाही. हे आम्ही विचारतोय, तुम्ही नाही म्हणू शकता.

आईने तिथल्या तिथे नाही म्हटलं. माझ्या लेकराला कापायचं नाही. वहिनी फरशीकडे बघत बसली होती, तिला विचारणं न विचारणं सारखंच. पण माझ्या डोक्यात ती पोटरी. मला वाटलं, आता जर सोडलं तर हे लोक काखा वर करतील आणि आपण बघत बसू. म्हणून तुला फोन लावला.

तू म्हणालास, ताई, अट घालता येते. बरेच लोक डोक्याला हात लावू देत नाहीत. गुठळी असेल तर ती छातीत सापडतेच. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, डोक्याला हात लावणार नसतील तर करा. तर असं ठरलं. डॉक्टरने लिहिलं, फक्त छाती आणि पोट, आणि वहिनीने सही केली.

आता गंमत ऐक. आम्ही तळमजल्यावर बाकड्यावर बसलेलो. तास दीड तास झाला असेल, आतून एक डॉक्टरीणबाई बाहेर आली. हातमोजे काढलेले, ॲप्रन तसाच. म्हणते, डोकं तपासायची परवानगी मिळेल का, टाके मागे केसांत घेऊ, बाहेरून काही दिसणार नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ठरलं ते ठरलं. त्याची पोटरी दुखत होती, तुम्हाला डोकं कशाला हवं? नीट विचार करून सांगताय ना, असं म्हणाली. मी म्हटलं, हो. मग ठीक आहे म्हणून आत गेली. आईने माझा हात घट्ट दाबला. चांगली खडसावली मी तिला, तू असतास तर शाबासकी दिली असतीस.

दुपारी त्याला आमच्या ताब्यात दिलं. चेहरा अगदी शांत. केसांचा भांग भलत्या बाजूला पाडला होता, तेवढा मी नीट केला. आई म्हणाली, बघ, झोपल्यासारखा दिसतोय, म्हणूनच म्हटलं डोक्याला हात लावू नका.

आता तू मला सांग. तू तिकडे रोज हेच करतोस आणि आम्ही तुला कधी धड विचारलं नाही. आत त्याचं काय केलं? टाके कसले घालतात? तुला माहीत आहे, लोकांचे कपडे उसवून आणि शिवून माझा जन्म गेला, मला टाका कळल्याशिवाय चैन पडत नाही. काही ठेवून घेतात का? आणि त्यांना काय पडलंय एवढं, माणूस गेल्यावर?

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं. मग बाहेर जाऊन आलो आणि पुन्हा वाचलं. मास्तरने मला गाडी शिकवली तेव्हाचं एकच वाक्य सारखं आठवतंय, घाबरू नकोस, माझ्या पायाखालीही ब्रेक आहे.

तू विचारलंस ते सगळं सांगतो. कुठे थांबावंसं वाटलं तर थांब, पुढचं नंतर वाच.

आधी कागद वाचतात. केव्हा आला, काय दुखत होतं, कोणती औषधं. वॉर्डातल्या डॉक्टरशी बोलतात. परवानगीत काय लिहिलंय ते दोघं मिळून मोठ्याने वाचतात, त्यामुळे अटीची चूक होत नाही. मग टेबलावर घेतात. मानेखाली लाकडी ठोकळा देतात. छातीवर आणि पोटावर एकच लांब चीर, कपड्यांखाली झाकली जाईल अशी. हृदय, फुप्फुसं, एकेक अवयव बाहेर काढून, वजन करून बघतात. अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे ठेवून घेतात, मेणात घालून त्यांच्या अगदी पातळ चकत्या करतात आणि मी ज्या यंत्रात दिवसभर डोळा घालून बसतो त्यात बघतात. बाकी सगळं परत जागेवर. याला वेळ लागतो, म्हणून पक्का रिपोर्ट यायला पाच-सहा आठवडे जातील. त्याच्यामागे काही काळंबेरं नाही.

टाका. जाड पांढरा दोरा, आतून बाहेर आणि पुन्हा आतून बाहेर, चामड्याच्या चेंडूला असतो तसा. माझ्या हाताखालचा माणूस तो इतका सारखा घालतो की तू त्याला दुकानात ठेवून घेशील. मग अंग धुतात, पुसतात, केस विंचरतात. भांग चुकतो, कारण आम्ही त्या माणसाला जिवंत पाहिलेलं नसतं.

बोलतात का म्हणशील तर कमी. आमच्याकडे तरी कुणी मोठ्याने हसत नाही.

आणि आम्हाला काय पडलंय, हा प्रश्न मला माझ्या सासऱ्यांनीही विचारला होता. वॉर्डातले हुशार डॉक्टर जे कारण सांगतात ते दर काही माणसांमागे एकदा चुकलेलं निघतं. पूर्वी पोस्टमॉर्टेम करू का असं बऱ्याच वेळा विचारायचे, हल्ली फारसं कुणी विचारतच नाही. घरच्यांसमोर बसून ते वाक्य तोंडातून काढणं अवघड असतं आणि मशीन सगळं सांगतंच असं लोकांना वाटतं. त्या पोराने तुम्हाला विचारलं, म्हणजे त्याला खरोखर कळलेलं नव्हतं आणि ते कबूल करायची त्याची तयारी होती. त्याच्यावर फार राग धरू नकोस.

त्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या ते त्यांच्या कामात बसतं. त्या रागावल्या नसतील.

मावशीला माझा नमस्कार सांग. रेडिओ काय म्हणतेय? इतकं रडून तिचं डोकं वगैरे दुखत नाही ना? आणि हो, मास्तरला आधी कधी डोकेदुखीचा त्रास होता का? सहज विचारतोय.

तुझा,
टिल्लू


२४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

पत्र मी एका दमात वाचलं, थांबले नाही. लाकडी ठोकळ्यापाशी जरा अडखळले. त्याला घरी उशीशिवाय झोप यायची नाही.

तू पण त्या बाईसारखं डोकं डोकं काय लावलंयस? सगळ्यांचं दुखतं तसं त्याचंही दुखायचं. दिवसभर उन्हात शिकाऊ लोकांबरोबर ओरडून कुणाचं दुखणार नाही? तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांचेच, हे मला माहीत आहे, पण तू तरी निदान पोटरीबद्दल एक अक्षर लिहायचंस. अख्ख्या पत्रात पोटरी नाही.

मी तक्रारीचा अर्ज लिहायला घेतलाय. दुकानातल्या गिऱ्हाइकांपैकी एक वकिलीणबाई आहेत, त्यांनी सांगितलं, रिपोर्ट हातात येऊ द्या, गुठळी निघाली की मग बघू. त्या नर्सचं नाव नाही माहीत मला, पण चेहरा पक्का लक्षात आहे. पडून पडून होतं म्हणे. जणू रागावल्याने मास्तर झोपेतून उठून येणार आहे, असा मला रोज तिचा राग येतो. राग आला की बरं वाटतं, हे तुलाच सांगते.

इकडची हालहवाल काय सांगू. रेडिओ बंद आहे. शाळेतून येते, मास्तरच्या गाडीत जाऊन बसते, काचा वर करून. गाडी अजून दारातच आहे, छपरावरची ती ड्रायव्हिंग स्कूलची पाटी तशीच. वहिनी स्वयंपाक करते आणि तो चुलीवर विसरते. आईचं मात्र मला नवल वाटतं. येईल त्याला ती एकच सांगते, की पोस्टमॉर्टेम झालं पण माझ्या लेकराच्या डोक्याला मी हात लावू दिला नाही, माझ्या बहिणीचा मुलगा मोठा डॉक्टर आहे, त्याने अट घालायला सांगितली. हे सांगताना ती ताठ बसते. तेवढं एकच तिच्या हातात उरलंय, सांगू दे.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

पोटरीबद्दल लिहिलं नाही, कारण रिपोर्ट येण्याआधी काही लिहिणं बरोबर नाही. एवढंच. तुझ्याशी मी कधी लपवाछपवी केलीय का?

अर्ज देऊ नकोस. माझ्यासाठी थांब. एकदा दिलेला अर्ज परत घेताना फार त्रास होतो.

रेडिओला गाडीत बसू दे, पण काच थोडी खाली ठेवायला सांग.

टिल्लू


२१ मार्च

प्रिय टिल्लू,

रिपोर्ट आला. सोबत त्याची झेरॉक्स पाठवतेय. वकिलीणबाईंनी वाचून समजावून सांगितला, पण मला तो समजावून नको होता.

फुप्फुसात न्यूमोनिया, बरा होत आलेला. गुठळी नाही. पायाकडच्या शिरा पोटातून तपासता आल्या तेवढ्या मोकळ्या. हृदय वयाच्या मानाने चांगलं. पोटात काही नाही. मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही. आणि शेवटी एक ओळ, नातेवाइकांच्या इच्छेनुसार डोकं तपासलेलं नाही.

म्हणजे माझा भाऊ तब्येतीने ठणठणीत होता आणि बाथरूमच्या दारात मेला. असं कुठे असतं का? मला कोणी वेडी समजतं का? कुठेतरी पाणी मुरतंय. त्यांनीच कापायचं, त्यांनीच लिहायचं, आणि त्यांच्याच नर्सची चूक त्यांनीच शोधायची. गुठळी काढून टाकली असेल, कोण बघायला होतं आत?

तू येऊन बघ. ते मेणातले तुकडे मागून घे. तू बघितलंस तर मी मान्य करीन, दुसऱ्या कुणाचं करणार नाही.

आणि आईला मी गुठळी निघाली म्हणून सांगितलंय. पायातून आली, क्षणात सगळं झालं, त्याला दुखलंसुद्धा नाही. ती म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते, डोक्याचा काही संबंधच नव्हता.

ताई


७ एप्रिल

प्रिय ताई,

तुमच्याकडे राहून, मावशीच्या हातचं जेवून, जे सांगायचं ते न सांगता मी परत आलो. तीनदा तोंड उघडलं. एकदा तू मशीनवर बसली होतीस तेव्हा, एकदा स्टेशनवर, आणि एकदा मावशी समोर येऊन बसली तेव्हा. तुला एवढंच म्हणालो की तुकडे बघितले आणि रिपोर्ट बरोबर आहे. तू मान्य केलंस, कारण तसं वचन दिलं होतंस. पण ते अर्धंच आहे.

त्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत. सगळं माझ्यासमोर ठेवलं, चहा मागवला आणि खोलीतून निघून गेल्या, मला एकट्याला बघता यावं म्हणून. मी सगळ्या चकत्या पाहिल्या. मास्तरच्या हृदयाचे तुकडे मी पाहिले, ताई. स्वच्छ होते. काही सापडावं म्हणून मी इतका वेळ डोळा लावून बसलो की शेवटी नसलेलं दिसायला लागलं.

गुठळी कुणी काढून टाकली नाही. गुठळीच नव्हती. आणि हे मला रिपोर्टवरून कळलं नाही, तुझ्या पहिल्या पत्रातच कळलं होतं. तेवढी मोठी गुठळी असती तर छाती उघडल्यावर ती समोरच दिसते. ती दिसल्यावर कुणी हातमोजे काढून बाहेर येऊन डोक्याची परवानगी मागत नाही. त्या बाहेर आल्या, याचा अर्थच छातीत आणि पोटात काही सापडलेलं नव्हतं. त्यांनी कागदांत वाचलं होतं की आदल्या दिवशी त्याचं डोकं दुखत होतं. म्हणून त्या आल्या.

तुला तेव्हाच का नाही सांगितलं? पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा मास्तरला निरोप देऊन झाला होता. सांगून काय हाती लागणार होतं? आणि मला वाटत होतं, हृदयाच्या तुकड्यात काहीतरी निघेल आणि हे सांगायची वेळच येणार नाही.

आता माझं ऐक. खडसावलंस म्हणून तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. अट मी सुचवली. रोज माझ्याकडे वॉर्डातून फोन येतात आणि रोज मी पहिलं हेच विचारतो, आणखी काय दुखत होतं? तुला विचारलं नाही. कारण तू रडत होतीस, आणि मला डॉक्टर म्हणून काही सुचत नव्हतं, फक्त तुझं रडणं थांबवायचं होतं. मावशी राजी होईल असं काहीतरी मला पटकन हवं होतं.

डोक्यात होतं का? माहीत नाही. डोक्यातली एखादी शीर जन्मापासून नाजूक असते आणि फुटते, तसं असेल. किंवा हृदयाचे ठोके एकाएकी बिघडले असतील, त्याची तर मागे खूणही राहत नाही. दोन्हीपैकी काय, ते आता मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. एक दार उघडून बघितलं असतं तर निदान अर्धं कळलं असतं.

आणि हे लिहितोय ते एवढ्यासाठीच की या दोन्ही गोष्टी कधीकधी रक्तातून उतरतात. रेडिओला एकदा डॉक्टरकडे ने. हृदयाचा आलेख काढ, डोक्याचा स्कॅन कर. घाबरवायला सांगत नाही. मावशीला काही बोलू नकोस.

तुझा,
टिल्लू


१९ मे

ताई,

फोन नाही, पत्र नाही. रागावलीस तर शिव्या दे. तुझ्या शिव्यांची मला लहानपणापासून सवय आहे, पण तुझ्या गप्प बसण्याची नाही. रेडिओला नेलंस का, एवढं तरी एका ओळीत कळव.

टिल्लू


२३ जून

प्रिय टिल्लू,

रागावले होते. महिनाभर तुझ्यावर, मग त्या डॉक्टरीणबाईवर, की तिने मला दोन थोबाडीत देऊन परवानगी का नाही घेतली. मग कुणावर रागवायचं तेच कळेना. कुणी काही वाईट केलेलंच नाही रे. नर्सने पोटरी दाबून बघितली होती. डॉक्टरने खरं सांगितलं होतं. बाई येऊन विचारून गेली होती. तू मला सावरत होतास, मी आईला सावरत होते, आई मास्तरला. सगळ्यांनी एकमेकांना जपलं.

अर्ज फाडून टाकला. पोटरीचंही सांगते. गेल्या आठवड्यात मास्तरची एक जुनी विद्यार्थिनी गाडी विकत घ्यायला आली. वहिनी म्हणाली, तिला एकदा चालवून बघायचीय, तू शेजारी बस. मी मास्तरच्या जागी बसले. त्या विद्यार्थिनीने चौकात असं काही वळण घेतलं की माझा पाय आपोआप त्या जादा ब्रेकवर गेला. उतरल्यावर माझी पोटरी ठणकत होती. वहिनीला म्हटलं तर ती म्हणते, रोज रात्री मी चोळून द्यायचे, वीस वर्षं, उजवीच. तिला माहीत होतं. तिला त्या दिवशी कुणी काही विचारलंच नव्हतं, सहीशिवाय.

रेडिओला नेलं. तिचं डोकं दुखतं, टिल्लू. तू विचारलं होतंस तेव्हा दुखत नव्हतं, आता दुखतं. डॉक्टर वयस्कर, शांत होते. पहिलाच प्रश्न, वडील कशाने गेले? मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी वाचला, शेवटचं पान उलटून मागची कोरी बाजूही बघितली. म्हणाले, डोकं का नाही तपासलं? मी म्हटलं, आम्हीच नको म्हणालो. त्यांनी रिपोर्टची घडी घालून तो मला परत दिला. टोचून बोलले असते तर बरं झालं असतं.

सगळं झालं. हृदयाचा आलेख चांगला. स्कॅन चांगला, शिरांचासुद्धा. डोकेदुखी चष्म्याची असेल, रडण्याची असेल. मी सुटले म्हणून श्वास सोडला. तेवढ्यात ते म्हणाले, पुढे दर काही वर्षांनी हे पुन्हा करायचं की कधीच करायची गरज नाही, हे वडिलांना काय झालं होतं त्यावर ठरवलं असतं.

रेडिओ इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, मग मला आहे का नाही?

ते म्हणाले, आत्ता नाही.

ती म्हणाली, आणि नंतर?

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. रात्री झोपताना पोरगी म्हणाली, आत्या, त्या दिवशी बाबाचं डोकं माझ्या बडबडीने दुखत नव्हतं ना? मी तेव्हा थट्टा केली होती, ती हिने इतके दिवस उराशी धरून ठेवली होती. मी नाही म्हटलं, शंभर वेळा नाही म्हटलं. कशाने दुखत होतं मग, असं तिने विचारलं.

आईला चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो असं सांगितलंय. आता रोज संध्याकाळी ती रेडिओला पुढ्यात घेऊन बसते आणि तिचं कपाळ दाबून देते. म्हणते, काही होत नाही, आपल्या घरात डोक्याचं दुखणं कुणाला नाही. तुझ्या बापाचं बघ, पायातून आलं, डोक्याला काही म्हणून झालं नव्हतं. मी कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. पोरगी डोळे मिटून ऐकते. मी मशीन चालवत राहते, म्हणजे तिकडे बघावं लागत नाही. सांगून टाकावं असं एकदोनदा मनात आलं. मग आईचे ते हात बघितले. हे तिच्याकडून काढून घेतलं तर तिच्याकडे दुसरं काय आहे?

आत्ताही दोघी समोरच बसल्यात. मी तुला लिहितेय म्हटल्यावर आईने निरोप दिलाय, आणि मी एकही शब्द गाळायचा नाही अशी ताकीद दिलीय. म्हणून जसाच्या तसा लिहिते.

टिल्लूला लिही, की त्या दिवशी तू फोनवर होतास म्हणून माझ्या लेकराचं डोकं शाबूत राहिलं. बाकी सगळ्यांनी नुसतं सांत्वन केलं, तू एकट्याने उपयोगी पडेल असं काही केलंस. तुझे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

ताई